दुसऱ्यांदा तापवल्यावर

संघमित्रा गेली, हे तिच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. तिलाच भेटायला निघाले होते. यकृताच्या आजाराने तिला पार पोखरलं होतं, पण इतक्यात काही होईल असं वाटलं नव्हतं. "ताई, आता सावकाश या," तो म्हणाला... आणि ते 'सावकाश' कानात घेऊनच मी गाडीत चढले.

एम.एस्सी. झाल्यावर जळगावला आम्ही दोघी एकाच सरांकडे संशोधनाला लागलो. मी मुक्ताईनगरकडच्या केळीवाल्यांची, ती धुळ्याच्या एसटी मेकॅनिकची मुलगी. उष्णतेपासून थेट वीज देणारे पदार्थ हा आमचा विषय. चकतीची एक बाजू तापवायची, दुसरी थंड ठेवायची, की वीज मिळते. पण शुद्ध पदार्थातून ती नीट वाहत नाही, म्हणून त्यात दुसऱ्या मूलद्रव्याची चिमूट मिसळतात. याला डोपिंग म्हणतात. मित्रा मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या चकत्यांत बिस्मथ मिसळायची. एकदा तिच्या घरी जेवताना तिच्या वडिलांनी, आबांनी, अहिराणीत विचारलं, "इतलंसं टाकीसन काय व्हस?"

"इतलंसंच टाकनं पडस, आबा. जास्त टाकं ते वीज सोपी वाहस, पन तिना जोर कमी व्हई जास."

"म्हंजे मना स्कूटरना कार्बोरेटरसारखं शे," आबा म्हणाले. मित्रा घास हातात धरून कितीतरी वेळ हसत होती.

सरांना एका मोठ्या परिषदेत दाखवायला विजेचा चढता आलेख हवा होता. बिस्मथ जरा जास्त घातलेल्या चकतीने तो दिलाही. सगळे खूश. मित्राने मात्र तीच चकती थंड करून पुन्हा तापवली, आणि आलेख खाली आला. तिसऱ्यांदा आणखी खाली. घातलेलं सगळं बिस्मथ आत मुरलंच नव्हतं. तापता तापता ते कणांच्या कडांना जाऊन साचत होतं आणि चकतीचा गुणही त्याबरोबर जात होता.

"पहिल्या वेळचेच आकडे द्यायचे," सर म्हणाले.

"पण सर, कारखान्याच्या धुराड्याला ही लावली, तर ती काय एकदाच तापणार आहे?"

"तुम्हा लोकांना इथे घेतलं, हेच पुष्कळ समजा."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, ते आम्हा दोघींनाही कळलं; त्यात मी नव्हते, हेही. मित्राने शोधनिबंधावरून स्वतःचं नाव तेवढं काढायला लावलं. निबंध चढत्या आलेखासकट छापून आला. तिचा प्रबंध मात्र सरांच्या टेबलावरून हलला नाही. नोंदणीची मुदत संपेपर्यंत त्यात रोज नवी त्रुटी निघत राहिली. मी संशोधन सोडून आधीच अमळनेरजवळच्या महाविद्यालयात कायम झाले होते. ती तिथेच तासिका तत्त्वावर आली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच प्रश्न, समोर तिच्याहून कमी वर्षं शिकवलेले लोक.

पुढे दुसरीकडच्या संशोधकांनाही तेच दिसलं, जे तिला दिसलं होतं. मग सरांनी धुळ्यात व्याख्यान दिलं. "पदार्थ टिकत नाही, हे आमच्या तेव्हाच लक्षात आलं होतं," असं ते माइकवर सांगत होते आणि मित्रा माझ्या शेजारी बसली होती. मी तिला कोपराने ढोसलं, "ऊठ ना, विचार."

"कशाला? आलेख बरोबर आला ना आता..." ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

शोकसभेला सर आले. फलकावर तिच्या नावामागे 'डॉ.' छापलं होतं. जिवंतपणी जे मिळू दिलं नाही, ते मेल्यावर फ्लेक्सवाल्याने देऊन टाकलं! सर 'माझी गुणी विद्यार्थिनी' म्हणून बोलत असतानाच पहिल्या रांगेतून आबा उठले. आवाज चढवला नाही.

"मनी पोर डॉक्टर नव्हती, साहेब. तुम्ही व्हऊ दिधी नही."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. सूत्रसंचालकाने घाईघाईने दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळे उभे राहिले. आबा तेवढे खाली बसले.

गेल्या आठवड्यात, ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी, आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डोकावले. एम.एस्सी.ची एक मुलगी भट्टीपाशी उभी होती. आकडे छान आले होते, तरी ती चकती थंड व्हायची वाट पाहत होती... पुन्हा तापवायला. हे कोणी सांगितलं, मी विचारलं.

"कोणी नाही मॅडम, इथे असंच करतात."

मी तिला मित्राचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. तिने 'हो का' म्हटलं, मान हलवली आणि भट्टीचं बटण दाबलं.