आंब्याच्या वासाची वाफ

तमिळनाडूत, कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात भारती राव म्हणून विचारलंत तर लोक क्षणभर थांबतील. भारतीअक्का म्हणा, कोणीही घर दाखवील. कुंभकोणमच्या एका मुलींच्या कॉलेजात ती खेळाची शिक्षिका आहे आणि तिथला कबड्डीचा संघ तिनेच उभा केला. तिच्या घराण्यातले लोक एके काळी तंजावरच्या दरबारात दफ्तर सांभाळायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा शिरस्ता तिच्याकडेही आहे. उन्हाळ्यात कावेरी आटली की लहानपणी ती वाळूत चुलतभावांशी कबड्डी खेळायची आणि त्यांना पाडायची. "मुलीच्या जातीला हे शोभते काय?" असं आजोबांनी विचारलं, तेव्हा तिने "जिंकले तर शोभते," असं उत्तर दिलं होतं.

तिच्या संघात हरिणी नावाची मुलगी होती. वय अठरा, बांधा काटक. तिची चढाई बघायला शेजारच्या कॉलेजातली पोरं कुंपणापाशी उभी राहायची. हरिणीचं घरही मराठी, त्यामुळे मैदानावर "मिस" म्हणणारी ही मुलगी घरी जाताना अक्काशी मराठीत बोलायची.

गेल्या मार्गशीर्षात पापनाशमला सामना होता. हरिणी चढाईला गेली, डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला शिवली आणि परत फिरली. मध्यरेषा दोन पावलांवर असताना तिचा दम तुटला. तोंडातून "कबड्डी" निघेना. पंचांनी शिट्टी वाजवून तिला बाद दिलं. ती बाहेर येऊन खोकत बसली, आणि खोकला थांबेचना.

परतीच्या बसमध्ये अक्का तिच्या शेजारी बसली. हरिणीच्या पिशवीला पिकलेल्या आंब्याचा वास येत होता.

"मार्गशीर्षात आंबा कोठला गे?" अक्काने विचारलं.

हरिणी खिडकीबाहेर बघत राहिली. अक्काने पुन्हा विचारलं नाही. बसमधून उतरल्यावर मात्र ती म्हणाली, "पिशवीत काय आहे ते दाखव. मी ओरडणार नाही."

हरिणीने अक्काच्या हातावर एक चपटी, गुळगुळीत, पिवळी वस्तू ठेवली. एखाद्या मुलीच्या कंपासपेटीत सहज खपेल अशी. टोकाशी ओठ लावून ओढायचं, की गोड वाफ येते.

"यात तंबाखू नाही अक्का, नुसता वास असतो," ती म्हणाली. मग हळूहळू सगळं सांगितलं. ज्युनिअर गटाच्या निवडीसाठी वजनाची मर्यादा होती आणि तिचं वजन त्या मर्यादेला टेकलं होतं. एका स्पर्धेत दुसऱ्या संघातल्या मुलीने सांगितलं, हे ओढ, भूक लागत नाही. आंबा, कलिंगड, बबलगम, हवा तो स्वाद. सिगारेटचा वास आला असता तर आईने त्याच दिवशी धरलं असतं. या वासावर आई म्हणाली, नवं अत्तर छान आहे. सुरुवातीला फक्त भूक लागली की ओढायची. आता सकाळी उठल्याबरोबर हात आधी त्याच्याकडे जातो.

दुसऱ्या दिवशी अक्का तिला डॉक्टर रविशंकरांकडे घेऊन गेली. त्यांनी छाती तपासली, फुंकर मारायच्या नळीत फुंकायला लावलं. "ही ई-सिगारेट. या वाफेत निकोटीन आहे," ते म्हणाले. "सिगारेटीत असतं तेच. म्हणून सुटत नाही. आणि हे गोड स्वाद खाण्यासाठी केलेले, तापवून छातीत ओढण्यासाठी नव्हेत. हिच्या श्वासनळ्या सुजल्या आहेत. आता थांबली तर बहुतेक सुधारेल. ओढत राहिली तर मी काहीच सांगू शकत नाही."

हरिणीच्या वडिलांना, मुरलीला, अक्कानेच घरी जाऊन सांगितलं. मुरलीचं बस स्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान आहे. तो शांत माणूस, पण त्या संध्याकाळी खुर्चीतून उठला. "पुरे झाला हा खेळ. खेळायला गेली म्हणून हे शिकली. उद्यापासून कॉलेज आणि घर."

"खेळ थांबवलात तर ती कशासाठी सोडील?" अक्का म्हणाली. "तिला तुमची भीती आहे, ती चार दिवस पुरेल. चढाईची ओढ आहे, ती जन्मभर पुरेल. मुलगी माझ्या हाती द्या."

मुरली पुन्हा खुर्चीत बसला. शेवटी म्हणाला, "ती हे जिथून घेते त्या दुकानाचे काय?"

ते दुकान कॉलेजच्या रस्त्यावरच होतं. समोर मोबाइलची कव्हरं टांगलेली, काउंटरखाली हा माल. अक्का आणि मुरली गेले तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, "अम्मा, नुसता फ्लेवर आहे, पोरांची हौस." अक्काने त्याला तमिळमध्ये शांतपणे सांगितलं की हे विकायला देशभर बंदी आहे, आणि इथून ती थेट पोलीस ठाण्यात जाणार आहे. ती गेलीही. माल जप्त झाला. पण सगळी दुकानं आपल्याच्याने बंद होणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

खरं काम पुढेच होतं. हरिणीचं डोकं दुखायचं, ती मैत्रिणींवर खेकसायची. एकदा तिने चोरून पुन्हा ओढलं आणि स्वतःच येऊन सांगितलं. अक्का म्हणाली, "बरे केलेस सांगितलेस. चल, पळायला." वजनाच्या त्या निवडीतून अक्काने तिचं नाव काढून टाकलं. "पोट भरून जेव. वरच्या गटात खेळशील." चढाई बंद, फक्त कोपऱ्यात पकड. रोज सकाळी कावेरीकाठी आधी चालणं, मग धावणं, मग एका श्वासात कबड्डीचा दम धरणं.

आषाढात डॉक्टरांनी पुन्हा नळीत फुंकायला लावलं आणि मान डोलावली. त्याच आठवड्यात कॉलेजच्या सामन्यात अक्काने तिला चढाईला सोडलं. हरिणीने एकच गडी टिपला आणि घाई न करता परत आली. दम स्वच्छ होता. मुरली प्रेक्षकांत उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, उपरण्याने तोंड पुसलं.

आता अक्का आसपासच्या शाळांत जाते, हरिणीही बरोबर असते. भाषण अक्का करत नाही, हरिणी करते. ती वाफेचे रोग मोजून दाखवत नाही. मला गोड लागायचं, ती म्हणते, म्हणून मला वाटलं की हे माझ्या बाजूचं आहे.

परवा एका शाळेत ती बोलून खाली उतरली, तर नववीतली एक मुलगी थांबून राहिली होती. तिने हरिणीला विचारलं, "अक्का, माझ्या मोठ्या बहिणीकडे आहे ते. घरी सांगू का?"

हरिणीने भारतीअक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "तूच सांग हिला."

"आधी बहिणीशी बोलू," हरिणी म्हणाली. "तुझे घर कोणत्या रस्त्याला? मी येते."

आणि ती त्या मुलीच्या बरोबरीने फाटकाकडे चालू लागली. भारतीअक्काने त्यांना परत न्यायला आलेल्या रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.