गोल झाला, लेक उठली नाही

पडदा वर गेला असं समजा. टळटळीत दुपार, फुटबॉलचं मैदान, स्वस्त तिकिटांची गच्च भरलेली गॅलरी, आणि तिच्यासमोर काचेआड पत्रकारांची बसायची जागा. त्या काचेवर डोळा रोखून एक म्हातारा शिंपी बसलाय. खेळाकडे त्याचं लक्षच नाही. तो आपल्या लेकीवर पाळत ठेवून आहे.

याच गॅलरीत तिला खांद्यावर बसवून त्यानं सामने दाखवले होते. गोल झाला की पोर अशी किंचाळायची, की घरी पोहोचेपर्यंत त्याचे कान वाजत. या खेळापायीच तिनं बँकेतली चालून आलेली नोकरी नाकारली, वर्तमानपत्रात क्रीडावार्ताहर झाली. तेव्हा शिंप्यानं गल्लीभर मिरवलं होतं.

आणि आज? आपल्या क्लबानं गोल मारला, सारं मैदान नाचलं, अन् लेक मान खाली घालून टाइप करतेय! वर पाहुण्या संघाचा मॅनेजर तिच्याशी हसून बोलून गेला.

“शिंपीबुवा, पोरगी फुटली तुमची,” शेजारचा पेंटर कानाशी लागला. “त्यांनी काहीतरी चारलंय.”

“तोंड सांभाळ,” शिंपी म्हणाला खरा, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

जेवताना त्यानं विचारलंच, “तो मॅनेजर काय म्हणत होता गं?”

“त्याचं नाव आम्ही चुकीचं छापलं, म्हणून चिडवत होता.”

“आणि टाळी का नाही वाजवलीस?”

“बाबा, तिथं बसून कुणाचीच बाजू घ्यायची नसते. आमच्यात ते पाप.”

टाळी म्हणजे पाप? शिंप्याला पटेना. घास तोंडातच फिरत राहिला.

शेवटी तिनं अंतिम सामन्याला रजाच टाकली. “तुमच्या शेजारी बसते. मग तर झालं?”

शिंपी तिलाच निरखत बसला. बरोबरी सुटत नव्हती. अगदी अखेरीला चेंडू जाळ्यात गेला आणि गॅलरी उसळली. पेंटरनं शर्ट काढून गरगर फिरवला. लेक मात्र बसलेलीच. नजर पलीकडच्या लाइनमनवर, बोटं मांडीवर टाइप केल्यासारखी चाललेली.

“आता कसली बंदी आहे तुला?” शिंप्याचा आवाज फाटला. “खरं सांग, कुणाची आहेस तू?”

लाइनमनचा झेंडा वर गेला होता. त्या गोंधळात तो अजून दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता. तिचे डोळे भरून आले. तिनं बापाचा हात घट्ट धरला.

“ऑफसाइड होता, बाबा, गोल बाद होणार. पण रेफरी शिट्टी वाजवेपर्यंत तुम्ही ओरडून घ्या.”