इन्स्पेक्शन काकांच्या डोळ्यांतलं पाणी

नाशिक शहरात पापणी न लववता सर्वांत जास्त वेळ एखाद्या वस्तूकडे पाहू शकणारा माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, असा माझा दावा आहे आणि आजवर तो कोणी खोडून काढलेला नाही. हे गृहस्थ ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते. पत्रे, रिव्हेट, सांधे यांतली केसाएवढी चीर शोधायची आणि सापडली की त्या भागावर लाल फुली मारायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. सोसायटीत त्यांना कोणी नावाने ओळखत नाही. लहानथोर सगळे 'इन्स्पेक्शन काका' म्हणतात. भाजीवाला त्यांना पाहिलं की वांग्यांची पाटी कापडाने झाकतो. एका वर्षी सोसायटीच्या गणपतीची मूर्ती त्यांनी मंडपाच्या दारातून परत पाठवली, कारण उंदराचा एक कान दुसऱ्यापेक्षा बारीक होता. माझ्या दारावरच्या नव्या पाटीसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "डावा स्क्रू तिरका आहे. पाटी पडणार नाही. पण तिरका आहे." तेव्हापासून घरात शिरताना मला पाटीवरचं माझं नाव दिसत नाही, स्क्रू दिसतो. इतकं टक लावून पाहू नका, डोळ्यांना त्रास होईल, असं कोणी सुचवलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "पापणी लवली की चीर निसटते."

डोळ्यांची वाट लावायची असं कोणी मनावर घेतलं असतं, तरी काकांइतकं पद्धतशीर काम त्याला जमलं नसतं. त्यांच्या हॉलमधला पंखा बाराही महिने पाचवर फिरतो आणि काका बरोबर त्याच्याखाली, तोंड वर करून, आरामखुर्चीत बसतात. थंडीत नाशिककर शेकोट्या पेटवतात तेव्हाही पंखा पाचवरच. स्कूटर चालवताना हेल्मेट असतं, पण त्याची काच त्यांनी काढून टाकली आहे, कारण तिच्यावर एक ओरखडा होता. गॉगल ते घालत नाहीत. काळ्या काचेतून रस्त्याची 'खरी फिनिश' कळत नाही म्हणे. कधीकाळी शिंका येत म्हणून सुरू केलेली ॲलर्जीची गोळी शिंका थांबल्यावरही रोज सकाळी चहाबरोबर जाते. "आता कुठे शिंका येतात?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "येत नाहीत ना? म्हणजे गोळी काम करतेय." डोळे लाल दिसू लागले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब यायचे. तासभर डोळे चुन्यासारखे पांढरे दिसायचे, मग आधीपेक्षा लाल व्हायचे, मग पुन्हा थेंब. या सगळ्या गोळ्या आणि बाटल्या एका स्टीलच्या डब्यात असतात. जगातल्या प्रत्येक वस्तूची तपासणी करणारा हा माणूस त्या डब्याला मात्र कोणाला हात लावू देत नसे.

काकू गेल्या, त्यांच्या अंत्ययात्रेच्या सकाळी मी तिथे होतो. आजारपण नव्हतं, आदल्या दुपारी चक्कर आली आणि संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. त्यांची एकुलती एक मुलगी सटाण्याला दिलेली, ती पहाटेच पोचली होती. खाली पार्किंगमध्ये तिरडी बांधत होते. काका जिना उतरून आले, नेहमीच्या नजरेने तिरडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या अंगाची तिसरी गाठ सैल आहे. सोडा. परत बांधा." गाठ खरोखरच सैल होती. ती सोडून परत बांधेपर्यंत सगळे खोळंबले. मुलगी तेवढं एकच वाक्य बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "झालं इन्स्पेक्शन? पास केलंत ना आईला?"

अमरधाममध्येही काकांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. सरणाची लाकडं ओली नाहीत ना, एवढं त्यांनी हात लावून पाहिलं. तेराव्यानंतर सटाण्याला निघताना मुलगी माझ्या पत्नीला म्हणाली, "वहिनी, या माणसाच्या डोळ्यांत आईसाठी पाणी येईल, त्या दिवशी मी या घरात पाऊल टाकीन." नंतर तिचा फोन येणं बंद झालं. पुढे कित्येक महिने काकांनी सोसायटीतल्या एकाही गोष्टीवर शेरा मारला नाही. गच्चीच्या टाकीचं झाकण फुटलं, तेही त्यांना दिसलं नाही. हे लोकांना तपासणीपेक्षा जड गेलं.

मग एके दिवशी जावयाचा फोन आला. सटाण्यात त्यांनी नवं घर बांधलं होतं, वास्तुशांत होती. "मी बोलावतोय, ती नाही," एवढं जावयाने प्रामाणिकपणे सांगितलं. काका निघाले, तेही स्कूटरवर, आणि सोबत म्हणून मला मागे बसवलं. मी माझी गाडी काढतो म्हटलं, तर म्हणाले, "एसीने माझे डोळे चुरचुरतात." एसीला घाबरणारा तो माणूस बिनकाचेच्या हेल्मेटमध्ये, सटाण्यापर्यंतचा सगळा वारा उघड्या डोळ्यांवर घेत गेला. वाटेत त्यांनी दोन पुलांचे कठडे नापास केले. पोचलो तेव्हा होम पेटला होता. काकांना मानाने धुराच्या समोर बसवलं. त्यांचे डोळे लालभडक झाले आणि धारा लागल्या. पुसायला रुमालही नव्हता, म्हणून पाणी गालांवरून शर्टावर उतरलं. मुलीच्या सासूबाईंनी ते पाहिलं आणि हातातलं ताट तसंच धरून त्या अहिराणीत ओरडल्या, "अवं सूनबाई, याहीना डोयामा पानी शे!"

मुलगी स्वयंपाकघरातून आली. समोर काकूंचा हार घातलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या बापाच्या गालांवर पाणी होतं. ती खाली बसली, "बाबा," म्हणाली, आणि पदराने त्यांचं तोंड पुसू लागली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना येत नाही. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, आणि मग मिटलं.

पुढच्याच रविवारी ती नाशिकला आली. त्यानंतर दर रविवारी एसटीने येऊ लागली. कधी सासरच्या बागेतली डाळिंबं, कधी बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन यायची. काका निम्मी डाळिंबं रिजेक्ट करायचे आणि ती त्यांना रागवायची. टाकीचं झाकण बदलून घेतलं गेलं. सोसायटीने सुटकेचा निःश्वास टाकला.

डोळे मात्र बिघडत चालले. वाळू गेल्यासारखं टोचतंय म्हणाले, म्हणून मी त्यांना कॉलेज रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी पापणीच्या कडेला कागदाची बारीक पट्टी लावून पाहिली आणि सांगितलं, "डोळे फार कोरडे आहेत."

"मॅडम, गालावर पाणी वाहतंय आणि तुम्ही कोरडे म्हणता?" काकांनी पट्टीचीच तपासणी सुरू केली.

"डोळा ओला ठेवणारं रोजचं पाणी वेगळं, काका, आणि टोचल्यावर धावत येणारं वेगळं. तुमचं रोजचं आटलंय. म्हणून डोळा टोचतो, आणि टोचला की हे दुसरं पाणी येतं. ते डोळ्यावर टिकत नाही, नुसतं गालावर उतरतं." मग त्यांनी गोळ्या विचारल्या. काकांनी शिंकांची गोळी आणि लालीचे थेंब सांगितले. "आणखी काही?" "नाही." बाईंनी दोन्ही बंद करायला सांगितलं, डोळे ओले ठेवणारे साधे थेंब लिहून दिले, पंखा, वारा, धूर टाळा म्हणाल्या, पापण्या मिटत राहा म्हणाल्या.

"हे सगळं केलं तर पाणी वाहायचं थांबेल?" काकांनी विचारलं.

"थांबेल."

बाहेर येऊन त्यांनी चिठ्ठीची चार घड्या घालून खिशात ठेवली. म्हणाले, "तुम्ही पेपरवाले. ही बातमी छापू नका."

"काका, डोळे जातील."

"मुलगी यायची थांबेल, त्याचं काय?"

त्यानंतर मी जे पाहिलं ते आहे तसं सांगतो. रविवारी सटाण्याची गाडी सुटल्याचा तिचा फोन आला की काका पंख्याखाली जाऊन बसत. ती पोचायच्या सुमारास स्कूटर काढून गंगापूर रोडला एक चक्कर मारून येत, काच नसलेलं हेल्मेट घालून. मग काकूंच्या फोटोसमोर उदबत्ती लावत, आणि डोळे तिच्या धुरावर धरून बसत. कारखान्यात त्यांनी अशी बनवाबनवी कोणाला करू दिली नसती. बेल वाजली की दार उघडायला जात, ते वाहत्या डोळ्यांनी. ती म्हणे, "पुरे आता, बाबा. किती रडाल?" मी एकदा दोनदा बोललो. त्यांनी पंख्याकडे बघत ऐकून घेतलं.

एका रविवारी ती आली तेव्हा दार उघडंच होतं. काका डावा डोळा तळव्याने दाबून खुर्चीत बसले होते आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. तिनेच रिक्षा बोलावली, मला खालच्या मजल्यावरून बोलावून घेतलं, आणि निघताना स्टीलचा डबा पिशवीत टाकला. त्याला हात लावू नको म्हणण्याइतकं त्राण काकांत नव्हतं.

त्याच डॉक्टरीण बाईंनी तपासलं. कोरडा पडून पडून डोळा सोलवटला होता, त्यात जंतू गेले होते, जखम खोल होती. "मी तेव्हाच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "ते पाणी कोरडेपणाचं आहे."

मुलीने बापाकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या वास्तुशांतीला...?"

काका म्हणजे चीर दिसेल तिथे फुली मारणारा माणूस. "वारा होता," ते म्हणाले. "आणि धूर."

हातातली पिशवी तिने खांद्याला लावली. ती आता निघेल, असं मला वाटलं. बाईंनी तोवर डबा टेबलावर रिकामा केला होता. शिंकांची गोळी, लालीचे थेंब, बंद करायला सांगितलेलं सगळं तसंच होतं. त्याखालून त्यांनी आणखी एक पाकीट उचललं. "ही तुम्ही मला सांगितली नव्हती. झोपेसाठी देतात ही, पण डोळे फार कोरडे करते. कधीपासून घेताय?"

काकांनी पाकीट हातात घेऊन त्याची कड चाचपली.

"हिची आई गेली, त्या आठवड्यापासून."

"रोज?"

"त्याशिवाय डोळा लागत नाही."

बाईंनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. ही एकदम बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशी मी बोलते, असं त्या म्हणाल्या. मुलीने पिशवी खांद्यावरून काढली आणि खाली ठेवली. मग बापाशेजारच्या स्टुलावर बसून तिने विचारलं, "मॅडम, थेंब कसे घालायचे ते मला दाखवा."

डावा डोळा वाचला असं म्हणता येत नाही. त्यातून आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. उजव्याने ते जेमतेम पेपर वाचतात आणि माझ्या बातमीतल्या चुका कळवतात; पूर्वी तीन कळवायचे, आता एक. बाकीच्या दोन असतात, हे मला माहीत आहे. पंखा एकवर फिरतो. मुलगी आता आठवड्यातले बरेच दिवस इथेच असते. मागच्या आठवड्यात मी वर गेलो तेव्हा ती त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकवून थेंब घालत होती.

"थेंब मोठा पडला," काका म्हणाले. "रिजेक्ट."

"गप्प बसा. आणि मिटा आता डोळे. मॅडमनी मिटून ठेवायला सांगितलंय."

"पापणी लवली की चीर निसटते."

"निसटू द्या, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. बाटलीतलं पाणी गालावर उतरलं आणि तिने ते पदराने पुसलं. बराच वेळ झाला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी चहाचा कप ठेवला आणि हळूच जिना उतरलो. दारावरच्या पाटीचा डावा स्क्रू अजून तिरकाच आहे. मी तो सरळ करणार नाही.