मी मोठ्यानेच बोलते

मंडळी, आज हजिऱ्याला एका कंपनीत नोकरीसाठी स्वभावाची टेस्ट दिली. कॉम्प्युटरवर प्रश्न आला, "तुम्ही मोठ्या आवाजात बोलता का?"

शेजारची मुलगी कुजबुजली, "'कधीच नाही' दाब गं. सगळे तेच करतात."

माझे आई-पप्पा गोडादऱ्यात पॉवरलूम चालवतात. त्या खडखडाटाची इतकी सवय, की आमच्या घरी लाडसुद्धा ओरडूनच करतात. मी 'नेहमी' दाबलं.

नंतर टेस्ट घेणाऱ्या मॅडम माझी उत्तरं बघून हसल्या, "बेन, असं खरं कोण लिहितं?"

मी म्हटलं, "मग विचारता कशाला?" तेही मोठ्यानेच.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस!" अख्ख्या गल्लीने ऐकलं.

नोकरी गेली उडत. पण खरं सांगा, तुम्ही काय दाबलं असतं?