वाटीतलं मीठ

आज गुळण्यांसाठी गरम पाण्यात मीठ टाकलं. चमचा दोनदा फिरवला, तेवढ्यात ते दिसेनासं झालं. इतकं सोपं असतं ते.

बाबांच्या शेवटच्या आजारात आईने त्यांच्यावरून खडेमीठ ओवाळून वाटीभर पाण्यात टाकलं. "हे विरघळलं की दुखणं उतरेल," म्हणाली. माठातलं गार पाणी आणि जाडे खडे, लवकर विरघळतात कशाला? ती सारखी वाकून बघायची. मला ते बघवेना. ती देवापाशी गेल्यावर मी वाटीत कढत पाणी ओतलं आणि ढवळलं. परत येऊन तिने वाटी पाहिली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

आई अजूनही विचारते, "मीठ तर सगळं विरघळलं होतं. तू पाहिलंस ना रे?"

"पाहिलं," म्हणतो मी.