बाजूला सरकणाऱ्या फायली

सुनीती बोकारे नागपूरहून इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका हॉस्पिटलात नोकरीला आली तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं, आणखी एक डॉक्टर आली. ती नेटवर्क इंजिनिअर आहे हे कळल्यावर थोडी निराशा झाली आणि मग प्रत्येकाने आपापल्या प्रिंटरचं दुखणं तिला सांगून टाकलं. तीन वर्षं ती ते निस्तरत होती, तेही हसत. एकदा हसू सुटलं की तिला आवरायचं नाही.

२००७च्या मार्चमध्ये तिला खरं काम मिळालं. हॉस्पिटलची एक छोटी शाखा पन्नास मैलांवर, डोंगराळ भागात होती. तिथल्या जुन्या एक्स-रे फिल्म्स स्कॅन करून लीड्सला पाठवायच्या होत्या. पण दोन्ही ठिकाणांना जोडणारी लाइन एकच. फोन त्यावरूनच, पेशंटचे रेकॉर्ड त्यावरूनच, रोजचे ताजे एक्स-रेही त्यावरूनच. जुन्या फायली सुटल्या आणि सगळ्यांचा श्वास कोंडला.

पहिला फोन डॉ. शशिधर वर्तकांचा. ते तीस वर्षांपासून लीड्समध्ये रेडिऑलॉजिस्ट होते आणि शाखेतले एक्स-रे इथे बसून वाचायचे.

"सुनीती, तिकडे एका आजींचं मनगट मोडलंय," ते म्हणाले. "फोटो माझ्यापर्यंत यायला पंचवीस मिनिटं लागली. त्या तशाच बसून होत्या गं."

"बघते, डॉक्टरकाका," ती म्हणाली. पण बघण्यासारखं हातात फारसं नव्हतं. लाइन टेलिफोन कंपनीची होती. कुणाला आधी सोडायचं हे त्यांच्या यंत्रांवर ठरवून घ्यायचं तर अर्ज करा आणि तीन महिने थांबा. मॅनेजर मॉरीनने सुचवलं की दिवसा जुन्या फायलींची कॉपी बंदच ठेवू. पण तसं केलं तर काम पुढच्या वर्षावर गेलं असतं.

दोन दिवस सुनीती वाचत बसली आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठून उभीच राहिली. लाइनला हात लावायची गरजच नव्हती. शाखेतून फायली पाठवणाऱ्या लिनक्स मशीनवर पाठवण्याची पद्धत बदलता येत होती. नेहमीची पद्धत मिळेल तेवढी जागा घेते. नव्याने आलेली एक पद्धत मात्र प्रत्येक तुकड्याला पोचायला किती वेळ लागतोय ते मोजत राहते. वेळ वाढला, म्हणजे वाटेत दुसरं कुणीतरी आलंय, हे ओळखून ती स्वतःच मागे सरते. लाइन मोकळी झाली की पुन्हा जोरात. आणि बदल करायचा एका ओळीचा.

सोमवारी सकाळी दहाला तिने ती ओळ बदलली. अकराला डॉक्टरांचा फोन आला. आता एक्स-रे येतच नव्हते. एका घोट्याचा फोटो तासभर वाटेतच होता.

सुनीतीने मशीनचं नाव तपासलं आणि कपाळावर हात मारला. शाखेत दोन मशिन्स होती, आणि तिने ताज्या एक्स-रेंच्या मशीनला मागे सरायला शिकवलं होतं. बिचारा घोटा हजारो जुन्या फिल्म्सना आधी जाऊ देत होता. तिला आधी घाम फुटला, मग हसू. फोनवर डॉक्टरांना कारण सांगताना ती इतकी हसली की शेवटी तेही हसायला लागले, आणि त्यांच्या दुसऱ्या फोनवर शाखेतून घोट्याचा मालक काय झालं म्हणून विचारू लागला.

तिने ते मशीन पूर्वीसारखं केलं, शेजारच्या मशीनवर ती ओळ टाकली आणि लाइनवर काय किती वेगाने जातंय ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या आलेखासमोर जाऊन बसली. जुन्या फायलींची रेघ उंच चालली होती. तेवढ्यात शाखेतून एक बरगडी निघाली. जुनी रेघ सपकन खाली आली, जवळजवळ जमिनीला टेकली. बरगडी वीस सेकंदांत लीड्सला पोचली आणि रेघ पुन्हा वर चढली. मग एक गुडघा आला. पुन्हा रेघ खाली, पुन्हा वर.

सुनीतीने मॉरीनला हाताला धरून आणलं. चौथ्या एक्स-रेला दोघी रेघेबरोबर खाली बसत होत्या आणि रेघेबरोबर उठत होत्या. डॉ. वर्तक जिने उतरून आले ते याच वेळी. बासष्ट वर्षांचा तो गंभीर माणूस दारात थांबला. नक्की काय चाललंय, त्यांनी विचारलं. तिने पडद्याकडे बोट दाखवलं आणि समजावलं.

"म्हणजे माझ्या पेशंटसाठी त्या जुन्या फायली आपणहून थांबतात?"

"आपणहून. कुणाला सांगावं लागत नाही."

शाखेतून एक खांदा निघाला तेव्हा टायची गाठ सैल करून तेही गुडघ्यांत वाकले.

आता दिवसा कॉपी थांबवायचं कारणच उरलं नाही. पुढच्या वर्षापर्यंत लांबणारं काम जून संपायच्या आत आटोपलं. मॉरीनने सुनीतीच्या दारावर नवी पाटी लावली, "नेटवर्क्स", आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत, प्रिंटरसाठी वरच्या मजल्यावर जावे.