धूर दिसेनासा झाला तो दिवस

आमच्या कंपनीचा बॉयलर फर्नेस ऑइलवर चालायचा. काळं, काकवीसारखं दाट तेल. १९९८ साली मी तिथे केमिस्ट म्हणून लागले, तेव्हापासून त्या तेलाचा वास माझ्या ओढणीला चिकटला तो चिकटलाच. घरी आले की आई दारातूनच सांगायची, "आधी न्हाणीत जा." सड्यावरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या कातळी पठारावरच्या, त्या औद्योगिक वसाहतीत बायका होत्या त्या पॅकिंगला. प्रयोगशाळेत मी एकटी. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षार किती आहेत ते रोज तपासायचं, वहीत लिहायचं, सही करायची. एवढंच काम. चिमणीतून दिवसभर काळा धूर निघायचा, पण तो माझ्या कामात बसत नव्हता, म्हणून मीही मान वर करून फारसं बघत नसे.

सड्याच्या उतरणीला माझ्या मामाची हापूसची बाग. मला नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं, मोहराचे दिवस होते. एका रविवारी मामा आमच्याकडे आला आणि चहा पुढे येण्याआधीच त्याने रुमालात बांधून आणलेली आंब्याची पानं माझ्यासमोर ठेवली. पानांवर काळा थर होता.

"हे तुझ्या कंपनीचं," तो म्हणाला.

"मामा, तुडतुड्यानेही पानं काळी पडतात ना?"

"पडतात. मला नको शिकवूस. पण तू केमिस्ट ना? मग तपास की."

मी ती पानं दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली. काहींवरचा काळा थर ओल्या कापसाने पापुद्र्यासारखा सुटून आला. ती तुडतुडा या मोहरावरच्या किडीमागून येणारी बुरशी. पण काही पानांवरची काजळी कागदावर घासली की तेलकट डाग उठत होता. संध्याकाळी मी बागेत गेले आणि मामाला खरं ते सांगितलं, की थोडं तुमचं आहे आणि थोडं आमचं. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो नुसता म्हणाला, "खरं बोललीस, बरं केलंस. आता पुढे काय?"

पुढे काय, हे मला माहीत नव्हतं. पण त्या दिवसानंतर कंपनीच्या बसमधून उतरताना मी चिमणीकडे बघायला लागले.

थोड्याच दिवसांत प्रदूषण खात्याचे अधिकारी येऊन गेले आणि कंपनीला नोटीस मिळाली. आमचे मॅनेजर साहेब कोल्हापूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण झटपट निर्णयाचा. त्यांनी मीटिंग घेतली आणि जाहीर केलं, की चिमणी उंच करायची, म्हणजे धूर वाऱ्यावर निघून जाईल. मला त्या मीटिंगला पाण्याची वही घेऊन बोलावलं होतं, मत विचारायला नव्हे. तरी मी बोलले.

"साहेब, चिमणी उंच केली म्हणून धूर कमी होणार नाही. लांब जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी बागेत पडेल."

"मग तुमच्याकडं काय उपाय हाय?"

"धूर म्हणजे न जळलेलं तेल. ते का जळत नाही, ते आधी शोधायला हवं."

कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "चिमणीचा ठेकेदार पंधरा दिवसांनी येतोय," ते म्हणाले. "तोवर शोधा."

बॉयलर सांभाळायचे ते काका संगमेश्वराकडच्या एका गावातले. मुंबईच्या गिरणीत अर्धं आयुष्य बॉयलरपुढे काढून, गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेले. बोलणं कमी. मी काचेच्या नळ्यांचं उपकरण घेऊन बॉयलर हाऊसमध्ये गेले आणि चिमणीकडे जाणाऱ्या वायूचा नमुना काढू लागले, तेव्हा ते कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे राहिले. दोन दिवस एक शब्द नाही.

माझा अंदाज सरळ होता. हवा कमी पडत असेल, म्हणून तेल अर्धवट जळत असेल. पण नमुन्यात प्राणवायू भरपूर निघाला. हवेत होता तो वापरलाच जात नव्हता, तसाच वर निघून चालला होता, आणि जाताना बॉयलरची उष्णता घेऊन चालला होता. मी पुन्हा नमुना घेतला. तिसऱ्यांदा घेतला. हवा गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही धूर काळाकुट्ट. हे कुठल्याच पुस्तकाप्रमाणे जुळत नव्हतं. मी स्टुलावर बसून राहिले.

तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. "गावली काय माझी चूक?"

"काका, तुमची चूक असती तर सोपं झालं असतं. मला काहीच कळत नाहीये."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "ये हिकडं बाय," ते म्हणाले, आणि मला बर्नरजवळ घेऊन गेले. "आयक. चांगला जाळ सळसळतो. एकसारखा. ह्यो बघ कसा फडफडतो. दोन वरसं ह्येच चाललंय. धूर झाला की मी हवा वाढवतो. हवा वाढवली की वाफ पडते. वाफ पडली की तेल वाढवायला लागतं. दुसरं काय करू?"

"हे साहेबांना सांगितलंत कधी?"

"इचारलं कोणी?"

मी कान देऊन ऐकत राहिले. खरंच, मध्येच जाळ तुटल्यासारखा होत होता. तेल बारीक फवाऱ्यात न फुटता थेंबाथेंबाने पडत असेल, तर असंच होईल. मोठा थेंब बाहेरून जळतो, आतून काजळी होतो, मग हवा कितीही द्या. आणि तेल फुटत नाही, म्हणजे ते दाट आहे. दाट आहे, म्हणजे थंड आहे.

"काका, तेल तापवूनच जातं ना बर्नरला?"

"जातं की. काटा बघ."

तेलाच्या हीटरवर गोल तबकडीचं तापमापक होतं. काटा अगदी जिथे हवा तिथे. मी दुपारी पाहिला, संध्याकाळी पाहिला, दुसऱ्या सकाळी पाहिला. तसूभर हलला नव्हता.

"हा काटा हलतो कधी?" मी विचारलं. "बॉयलर बंद ठेवून थंड होतो, तेव्हा कुठे असतो?"

काका विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "तवा पन थितंच."

समुद्राच्या खाऱ्या हवेने त्या तबकडीच्या आतलं सगळं गंजून बसलं होतं आणि आम्ही सगळे त्या मेलेल्या काट्यावर विश्वास ठेवून होतो. काकांनी नळ सोडून पत्र्याच्या डब्यात तेल काढलं. मी प्रयोगशाळेतलं काचेचं तापमापक त्यात धरलं. पारा थोडा चढला आणि तबकडी सांगत होती त्याच्या कितीतरी खालीच थांबला. वीजवाल्याला बोलावून हीटर उघडला, तर तापवणाऱ्या कॉइलपैकी एक केव्हाचीच जळून गेलेली.

साहेबांनी स्वतः येऊन ती कॉइल हातात घेऊन पाहिली. त्याच संध्याकाळी नवी कॉइल आणि नवं तापमापक आणायला गाडी गेली. बर्नरचं टोक झिजलं होतं, तेही बदललं. सगळं जोडायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बॉयलर पेटवला. तेल पुरतं तापलं होतं. मी नमुना घ्यायची, आकडा सांगायची, आणि काका हवेची झडप बोटभर बंद करायचे. पुन्हा नमुना, पुन्हा बोटभर. चार-पाच वेळा असं झाल्यावर काकांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटून ते ऐकत होते. फडफड गेली होती. रेशमी कापड ओढल्यासारखा एकसारखा आवाज येत होता.

"आता नको हात लावू," ते म्हणाले. "चल, भायेर चल."

आम्ही अंगणात आलो. मी ओढणीने कपाळ पुसत वर पाहिलं. चिमणीच्या तोंडावर फक्त हवा थरथरत होती. तिच्यामागे निळं आभाळ होतं. मला धूर दिसेचना. पॅकिंगच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेब ऑफिसमधून जवळजवळ धावतच आले.

"बॉयलर बंद का पडला?"

"बंद नाय साहेब," काका म्हणाले. "चालू हाय. पुऱ्या दाबावर."

साहेबांनी आत जाऊन दाबाचा काटा पाहिला. बाहेर येऊन चिमणी पाहिली. मग पुन्हा आत गेले. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा त्यांनी काकांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मला मात्र उगाचच रडू आलं. पॅकिंगमधल्या एकीने आपल्या पदरानेच माझे डोळे पुसले.

ठेकेदाराला परत पाठवलं. पुढच्या मीटिंगला मी साहेबांना म्हणाले, काकांना बोलवा. काका आले, खुर्चीच्या कडेला बसले, आणि साहेबांनी विचारल्यावर तासभर बोलले. कुठल्या पाइपातून वाफ गळते, कुठलं आवरण सडलंय, कुठे उकळतं पाणी नुसतं गटारात जातं. मी भराभर लिहून घेत होते. माझी पाण्याची वही त्या दिवशी भरली. पुढची काही वर्षं आम्ही त्या यादीतलं एकेक काम उरकत गेलो. तेलाचे टँकर कमी झाले, आणि प्रदूषण खात्याचे अधिकारी पुन्हा आले तेव्हा साहेबांनी त्यांना आधी बॉयलर हाऊसमध्ये नेऊन काकांशी ओळख करून दिली.

मामाने पुढच्या मोहराला मला बागेत नेलं. सड्याकडच्या झाडाचं एक पान त्याने आपल्या पांढऱ्या पंच्याने पुसलं आणि पंचा माझ्यापुढे धरला. स्वच्छ होता. "तुडतुडा आहेच मेला," तो म्हणाला, "पण त्याचं माझं मी बघतो."

मग ऊर्जा बचतीचा कायदा आला. मोठ्या कारखान्यांना एनर्जी मॅनेजर नेमणं आलं आणि त्यासाठी परीक्षा निघाली. अर्ज साहेबांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी पदवीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. वर्षभर कंपनीच्या बसमध्ये, हादऱ्यांवर हादरे खात अभ्यास केला. मुंबईला परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या रांगेत सगळे पुरुष, बरेचसे इंजिनिअर. पेपरात ज्वलनावर प्रश्न आला आणि मी पानंच्या पानं लिहीत सुटले. पास झाले. आईने सगळ्या आळीत पेढे वाटले.

नव्या हुद्द्यावर पहिलं मोठं काम घेतलं ते गटारात जाणाऱ्या उकळत्या पाण्याचं. वाफेचं काम झालं की तिचं पाणी होतं, शुद्ध आणि कढत. ते आम्ही फेकत होतो आणि बॉयलरला विहिरीचं गार पाणी पाजून पुन्हा तापवत होतो. वार्षिक बंदच्या दिवसांत आम्ही ते पाणी बॉयलरच्या टाकीत परत आणणारी पाइपलाइन टाकली. कारखाना सुरू झाला त्या सकाळी सगळे टाकीभोवती उभे होते. पाणी खरंच परत येतंय का, हे मला मीटर वाचायच्या आधी स्वतःच्या हाताने कळायला हवं होतं. मी तळवा टाकीच्या पत्र्यावर टेकवला. सणकन चटका बसला आणि हात झटकत मी मोठ्याने हसत सुटले.